पाणी उकळूनही बिअरला औषधी वास? क्लोरामाइन असणार

'पाणी रात्रभर उघडं ठेवलं, वर वीस मिनिटं उकळलं, भांडी सॅनिटायझरने धुतली, तरी घरी केलेल्या बिअरला दवाखान्याचा वास' हे तुमचं वाचलं आणि माझं अख्खं एक वर्ष आठवलं. दोष यीस्टचा नसावा. तुमच्या नळाला बहुतेक क्लोरामाइन येतंय, म्हणजे जंतू मारायला टाकलेलं क्लोरीनचंच एक रूप, जे उघडं ठेवून किंवा उकळून सहज जात नाही.

मी कॅलिफोर्नियात असतो. पहिल्याच बॅचला वास आला तेव्हा पाणीवाल्या ऑफिसात फोन करून विचारलं, "पाण्यात फ्री (म्हणजे सुटं) क्लोरीन किती?" उत्तर आलं, "जवळपास शून्य." खोटं नव्हतं. पण ते लोक क्लोरीनमध्ये अमोनिया मिसळून क्लोरामाइन करतात, हे एक वाक्य पुढे बोलायला काय जात होतं? मी पाण्यावरचा संशयच सोडून दिला. नळ्या बदलल्या, फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) बदलला, यीस्ट बदललं. चार बॅच, जवळजवळ 75 लिटर बिअर सिंकमध्ये ओतली. चौथीची बाटली उघडली तेव्हा बायकोने आतल्या खोलीतून विचारलं, "डेटॉल सांडलं का रे?" नेमकं तेच. डेटॉलमध्येही क्लोरीन जोडलेलं फिनॉलच असतं, आणि माल्ट-यीस्टमधल्या फिनॉलला क्लोरीन भेटलं की बिअरमध्ये त्याचेच भाऊबंद तयार होतात. अगदी चिमूटभराहून कमी असले तरी नाकाला कळतात.

म्हणून ऑफिसला विचारायचं ते 'टोटल क्लोरीन किती आणि क्लोरामाइन वापरता का'. टोटल म्हणजे सुटं आणि क्लोरामाइनमधलं मिळून. टेस्ट स्ट्रिपही टोटल क्लोरीनचीच घ्या.

उपाय कॅम्पडेन गोळीचा, म्हणजे बिअर-वाइन करणारे वापरतात त्या सल्फाइटच्या गोळीचा. एक गोळी साधारण 75 लिटरला पुरते, म्हणजे 19 लिटरच्या बॅचला लागणाऱ्या सगळ्या पाण्याला अर्धी भरपूर झाली. दोन चमच्यांत चुरडा, ढवळा, पाच-दहा मिनिटं थांबा. स्पार्जचं (माल्ट धुवायचं) आणि नंतर वरून घालायचं पाणीसुद्धा यातच धरा. कार्बन फिल्टरही चालतो, पण क्लोरामाइनसाठी धार अगदी बारीक ठेवावी लागते. माझ्या मते तेवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही. घरात कुणाला दमा किंवा सल्फाइटची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मी काही तज्ज्ञ नाही. आणि हे सगळं इथलं झालं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.

अजून एक. क्लोरामाइन वापरणारी काही शहरं पाइप साफ करायला वर्षातून काही आठवडे साध्या क्लोरीनवर जातात. तेव्हाही गोळी टाकाच, ती दोन्हींवर चालते.