गाडी चालवता येत नाही, व्हिसा मात्र ड्रायव्हरचा

प्रश्न : मी खेड तालुक्यातला. यंदा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाला, 71 टक्के. बाबा 22 वर्षं सौदीत आहेत. त्यांनी गावातल्या एजंटला दीड लाख देऊन माझ्यासाठी आझाद व्हिसा काढलाय. मला पुढे इंजिनिअरिंग करायचंय. बाबा म्हणतात, 'आता आला नाहीस तर माझे पैसे बुडाले. आणि इथे टॅक्सही नाही.' पुढच्या आठवड्यात मेडिकल आहे. काय करू?

उत्तर : व्हिसाचा फोटो जोडलास ते फार बरं केलंस. मोठा करून पाहिला. पेशाच्या जागी अरबीत 'साईक खास' आहे, म्हणजे घरचा ड्रायव्हर. तुझ्याकडे तर स्कूटरचंही लायसन्स नाही म्हणतोस!

'आझाद व्हिसा' नावाचा व्हिसा सौदीच्या कायद्यात नाहीच. कागदावर एक कफील, म्हणजे व्हिसा देणारा तिथला मालक असतो, त्याच्या घरी तू ड्रायव्हर. प्रत्यक्षात त्याला दरवर्षी पैसे मोजायचे आणि काम बाहेर शोधायचं. कफील सोडून दुसऱ्याकडे काम करताना सापडलास तर दंड, तुरुंग, मग हद्दपारी. घरकामगारांना तिथला सर्वसाधारण कामगार कायदाही लागू नाही, त्यांचे नियम वेगळे. बाबा म्हणतील, आपली इतकी माणसं अशीच राहिली. राहिली, खरं आहे. पण तेव्हा हजेरी वहीत असायची, आता करार आणि इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, सगळं ऑनलाइन आहे. आणि समजा पाच वर्षं सापडला नाहीस, तरी पगार रोख, स्लिप नाही, अनुभवाचा दाखला नाही. पाच वर्षं वायरिंग करूनही कागदावर तू ड्रायव्हरच. तो कागद घेऊन पुढे कुठली कंपनी तुला इलेक्ट्रिशियन म्हणून घेईल?

तू दहावी पास आहेस, म्हणून तुझ्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी मंजुरी लागत नाही. बाबांना ही सोय वाटते. मला उलट वाटतं. ज्यांना ते लागतं त्यांचा करार निदान एक सरकारी माणूस बघतो. तुझा कोणीच बघणार नाही. आणि नोंदणीकृत एजंटला तीस हजार आणि जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख कशाचे, याची पावती मागून बघ. मिळणार नाही.

टॅक्सबद्दल बाबा अर्धे बरोबर आहेत. सौदीत पगारावर आयकर नाही. पण ऑक्टोबरमध्ये निघालास तर एप्रिलपासूनचे तुझे इथले दिवस 182 च्या वर जातात. आयकराच्या हिशेबाने त्या वर्षापुरता तू इथला निवासीच, आणि मार्चपर्यंतचा तिकडचा पगार इथल्या उत्पन्नात धरला जातो. तुझ्या पगारावर कर बहुधा शून्यच येईल. मुद्दा एवढाच, की 'टॅक्स नाही' हे जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

डिप्लोमावाल्यांचे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडून होतात, त्याच्या तारखा चुकवू नकोस. घरची ओढाताण असेल तर लोटे एमआयडीसीत अप्रेंटिसशिप कर, पुढे विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना काढ. आखातात जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. सौदी आता इलेक्ट्रिशियनची कौशल्य चाचणी भारतातच घेतं. ती देऊन, कंपनीच्या करारावर, स्वतःच्या पेशाच्या व्हिसावर खुशाल जा.

या सगळ्यापेक्षा मला तुझ्या बाबांचं वाक्य जास्त खटकलं. पैसे त्यांनी तुला न विचारता भरले आणि बुडाल्याचा दोष आगाऊच तुझ्या नावावर टाकला. 22 वर्षं एकट्याने काढलेल्या माणसाला मुलगा जवळ हवासा वाटतो, हे मला कळतं. पण मग तसं म्हणावं.

मेडिकलला जाऊ नकोस. पासपोर्ट एजंटकडे असेल तर उद्याच जाऊन परत आण, एकटा नको, मामांना किंवा काकांना सोबत ने. शुक्रवारी बाबांना सुट्टी असते, तेव्हा आईला शेजारी बसवून व्हिडिओ कॉल लाव आणि तो पेशाचा रकाना त्यांना मोठ्याने वाचायला सांग. अरबी त्यांना तुझ्यापेक्षा चांगली येते.