बर्फाचा प्रयोग मांडताना

आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर बर्फ काही धरत नाही, पण म्हणून विज्ञान प्रदर्शनात नुसता बर्फाचा तरंगता खडा ठेवू नकोस. तो सगळ्यांनी उसाच्या रसात पाहिलाय. खरी गंमत ४ अंश सेल्सिअसची. उंच बरणीत पाणी, तळाशी आणि वर एकेक थर्मामीटर, वरून कुटलेला बर्फ. गार पाणी जड होऊन खाली बसतं. तळाचा थर्मामीटर ४ च्या आसपास थांबतो, वरचा मात्र शून्याकडे उतरत राहतो, कारण ४ च्या खाली पाणी पुन्हा हलकं होतं. म्हणून थंड मुलखातले तलाव वरून गोठतात आणि खाली मासे तगतात. बर्फाची घनता घन सेंटिमीटरला ०.९१७ ग्रॅम, पाण्याची १. उलट असतं तर बर्फ तळाशी साचत गेला असता. सोलापूरच्या उन्हात बरणीला बाजूंनी आणि बुडाशीही थर्माकोल लाव, नाहीतर तळ ४ ला पोचतच नाही. आणि ढवळायचं नाही, थर मोडतात.