विमानवाहू की विमानवाहक?

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत कधी 'विमानवाहू युद्धनौका' दिसतं, कधी 'विमानवाहक'. बरोबर कोणतं? आणि २६२ मीटर लांबीच्या, दोन हजारांहून जास्त कप्पे असलेल्या 'विक्रांत'ला 'नौका' म्हणायचं म्हणजे जरा अतिच नाही का?

नौकेचं आधी उरकतो. नौका म्हटलं की वल्हं आणि नावाडी आठवतात, हे खरं. पण कोकणात शेकडो उतारू नेणाऱ्या आगबोटीलाही लोक नुसतं 'बोट'च म्हणायचे, आणि मळमळायला लागलं की 'बोट लागायची'. पाण्यावर तरंगणाऱ्या गोष्टीचं नाव मराठी माणूस आकारमान मोजून ठरवत नाही. 'नौदल' चालतं, मग 'युद्धनौका'ही चालते.

आता वाहक. शब्द व्याकरणानं चोख आहे. हिंदीत 'विमानवाहक पोत' रूढ आहे आणि घाईच्या भाषांतरातून तो आपल्याकडे शिरतो. माझी अडचण वेगळी आहे. मराठीत वाहक म्हणजे एसटीतला. 'विमानवाहक' वाचलं की मला खांद्याला कातडी पिशवी अडकवून, सुटे पैसे मागत विमानात फिरणारा माणूस दिसतो.

'वाहू' अस्सल घरचा आहे. वाहणे या क्रियापदाला 'ऊ' लागून झालेला, चालू आणि लागू यांच्या जातीचा. मालवाहू ट्रक आपण रोज म्हणतोच. फक्त एक पथ्य पाळायचं: हे विशेषण आहे, त्याच्यामागे नाम हवं. 'भारताकडे दोन विमानवाहू आहेत' हे लंगडं वाक्य आहे.

मागे कोणतं नाम लावायचं, यावर एका देशानं मोठं राजकारण केलं. तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून जहाजं नेण्याचे नियम ठरवणाऱ्या १९३६च्या माँत्र्य करारामुळे काळ्या समुद्रातून विमानवाहू नौका बाहेर काढणं अवघड होतं, आणि सोव्हिएत संघाचा ही जहाजं बांधणारा कारखाना नेमका त्याच समुद्राकाठी, निकोलायेवला. त्यांनी विशेषण ठेवलं आणि नाम बदललं: 'जड विमानवाहू क्रूझर' (क्रूझर म्हणजे स्वतःच्या शस्त्रांनी लढणारी मोठी युद्धनौका). पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रं बसवलेली असल्यामुळे ते नाव अगदीच खोटंही नव्हतं. त्यांतलंच 'बाकू' पुढे 'ॲडमिरल गोर्शकोव्ह' झालं. मग क्षेपणास्त्रं उतरवून, नाकाशी डेक वर वळवून, ते २०१३मध्ये आपली 'विक्रमादित्य' झालं. क्रूझरची नौका झाली, 'विमानवाहू' जागचं हललं नाही.

खरं सांगायचं तर 'वाहू' हा शब्दच आता जुना पडलाय, आणि तो दोष मराठीचा नाही. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रशियन सगळ्यांनी 'वाहणं'च धरलंय. १९१४मध्ये ब्रिटिश नौदलानं बांधणी चालू असलेलं एक मालवाहू जहाज विकत घेतलं आणि त्याचं 'आर्क रॉयल' केलं. मालवाहूची शब्दशः विमानवाहू! ते समुद्री विमानं पोटात घेऊन जायचं, क्रेननं पाण्यात सोडायचं, परतल्यावर उचलून घ्यायचं. तेव्हा 'वाहू' अचूक होतं. १९१८च्या 'आर्गस'वर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट डेक आला आणि वाहण्यापेक्षा उडवणं-उतरवणं हेच मुख्य काम झालं. त्यानंतर जहाजाची रचना त्याभोवतीच फिरत राहिली. १९५०च्या दशकात उतरण्याचा पट्टा डावीकडे तिरका केला, कारण शेपटीचा आकडा विमान थांबवणाऱ्या आडव्या तारेत अडकला नाही, तर विमानाला पुढे उभ्या विमानांवर न आदळता पुन्हा उडता यावं. म्हणूनच वैमानिक चाकं टेकताक्षणी इंजिन मंद न करता पूर्ण जोरात सोडतो. यातलं काहीही 'वाहू'मध्ये नाही.

जपानी मात्र ओझ्यापाशी अडकले नाहीत. त्यांचा शब्द 'कूबो', 'कोकू बोकान'चं आखूड रूप, आणि त्यातलं 'बो' म्हणजे आई. पिल्लं उडून जातात, परत येतात, असं काहीसं. चिनी भाषेतही हीच अक्षरं आहेत.

आपण मात्र 'विमानवाहू युद्धनौका'च लिहावं, आणि बातमीत दुसऱ्यांदा उल्लेख आला की नुसतं 'विक्रांत'. क्रियापद स्त्रीलिंगी: ती निघाली, ती आली.