भावा, पैसे देण्याआधी एवढं बघ

कोल्हापुरात राजारामपुरीत झकपक ऑफिस थाटून कुणी ‘महिन्याला ५ टक्के पक्के’ म्हटलं, की तिथंच थांब. शेअर बाजारात परताव्याची हमी देणं नियमातच बसत नाही. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर स्वतः शोध, त्यानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नकोस.

फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नकोस. आपल्याकडं माणसं इथंच अडकतात. स्कोअर्स म्हणजे सेबीचं ऑनलाइन तक्रार पोर्टल; २०२४ पासून त्याची नवी यंत्रणा आहे. तक्रार थेट संबंधित कंपनीकडं जाते, २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पटलं नाही तर दोनदा फेरआढावा मागता येतो. मुंबईला हेलपाटे नकोत.

नोंदणीच नसलेल्या माणसानं ऑनलाइन पैसे उकळले तर मात्र लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एकही मेसेज पुसू नकोस.