केबल तपासण्यात कसले करिअर?

प्रश्न : माझे कराडला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचे मित्र कोडिंगच्या क्लासला जातात आणि हा मात्र टाइप-सी केबल तपासणारे यंत्र प्रोजेक्ट म्हणून करायचे म्हणतो. दोन-चार वर्षांनी कनेक्टर बदलला, तर या शिकण्याचा उपयोग काय? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. दिसायला सारख्या दोन टाइप-सी केबलींपैकी एकीवर लॅपटॉप झपाट्याने चार्ज होतो आणि दुसरीवर रखडतो, हे आपण दुकानात नक्कीच पाहिले असेल. टाइप-सी हे केवळ जोडाच्या आकाराचे नाव आहे. त्यातून डेटा किती वेगाने जाईल आणि वीज किती मिळेल, हे निरनिराळी मानके ठरवतात. त्यामुळे 2000 सालच्या यूएसबी 2.0 चा सेकंदाला 480 मेगाबिटचा वेग आणि यूएसबी 4 चा 40 गिगाबिटचा वेग एकाच आकाराच्या तोंडातून मिळू शकतो.

विजेची बाजू तर त्याहून रंजक आहे. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळत. यूएसबीवरून जास्त वीज देण्याच्या ‘पॉवर डिलिव्हरी’ या मानकाच्या 2021 च्या सुधारणेने ही मर्यादा 48 व्होल्ट आणि 5 अँपिअरवर, म्हणजे 240 वॅटवर नेली. एवढी वीज न विचारता सोडणे धोक्याचे असल्याने चार्जर आणि उपकरण सीसी नावाच्या तारेवरून आधी बोलणी करतात, आणि 3 अँपिअरच्या पुढे जायचे असेल तर केबलमधल्या ई-मार्कर चिपलाही आपली क्षमता सांगावी लागते. 2019 साली आलेल्या रास्पबेरी पाय 4 या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांत दोन सीसी पिनांना स्वतंत्र रेझिस्टर देण्याऐवजी एकच सामाईक ठेवला होता. परिणामी ई-मार्कर असलेल्या केबलीने जोडल्यावर काही चार्जर त्या बोर्डाला हेडफोनसारखे ऑडिओ उपकरण समजत आणि वीजच देत नसत. एका रेझिस्टरची ही चूक नंतरच्या बोर्डांत सुधारावी लागली. आपला मुलगा ज्या कामाकडे वळू पाहतो आहे, ते हेच.

कनेक्टर बदलेल, ही आपली शंका रास्त आहे. यूएसबीसारख्याच, उपकरणे जोडण्याच्या 1995 च्या फायरवायर या मानकाचा वेग 400 मेगाबिट होता, म्हणजे पहिल्या यूएसबीच्या 12 मेगाबिटच्या कितीतरी पुढे, शिवाय त्यावरची उपकरणे संगणकाच्या मध्यस्थीशिवाय परस्परांशी बोलू शकत. तरीही स्वस्त आणि साधी यूएसबी घरोघरी पोचली. (ती घडवणाऱ्यांतले एक, अजय भट्ट, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर.) मात्र फायरवायर गेले म्हणून ते जाणणाऱ्यांचे ज्ञान वाया गेले नाही, कारण जोडतारांतून वेगवान सिग्नल शाबूत नेणे आणि दोन टोकांची बोलणी जुळवणे हे काम पुढच्या प्रत्येक मानकात उरतेच. थंडरबोल्ट 3 या आणखी एका वेगवान मानकाने 2015 मध्ये टाइप-सीचाच जोड घेतला आणि 2019 चे यूएसबी 4 त्याच थंडरबोल्टच्या पायावर उभे राहिले.

तेव्हा प्रोजेक्ट जरूर करू द्यावा, परंतु तार तुटली आहे की नाही एवढेच सांगणारे यंत्र पुरेसे नाही. भार टाकल्यावर व्होल्टेज किती पडते हे त्याने मोजावे, ई-मार्करमधली माहिती वाचावी आणि त्यासाठीचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, सी भाषेत स्वतः लिहावे. म्हणजे कोडिंगही आपोआप होईल. यूएसबीची अधिकृत मानके विनामूल्य उतरवून घेता येतात. फर्मवेअर, पीसीबी (सर्किट बोर्ड) डिझाइन, व्हॅलिडेशन (रचना अपेक्षेप्रमाणे चालते का याची तपासणी) आणि प्रमाणन चाचणी या कामांना ही तयारी थेट उपयोगी पडते. अर्थात, सॉफ्टवेअरच्या तुलनेत या जागा थोड्या असतात, आणि पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद गाठण्याची तयारीही ठेवावी लागेल.

सुरुवातीला दुकानात परत आलेल्या पन्नास केबली त्याच्याकडे द्याव्यात आणि प्रत्येकीचा दोष वहीत लिहून मागावा.