सिलिंडर परत करून इंडक्शन घेतले, तर घरातले जीवाश्म इंधन सुटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : साताऱ्याजवळ स्वतःचे बैठे घर, चार माणसे, महावितरणचे महिन्याला १८० ते २०० युनिटांचे बिल, साधारण पाच आठवड्यांना एक सिलिंडर, आंघोळीसाठी गीझर आणि दारात एक पेट्रोलची स्कूटर. सिलिंडर परत करून इंडक्शन शेगडी घेतली की घर जीवाश्म इंधनातून मोकळे होईल, असे तुमच्या मुलीचे म्हणणे आहे आणि ते पर्यावरणाच्या व खर्चाच्या हिशेबात बसते का, असे तुम्ही विचारले आहे. मी विद्युत अभियंता आहे आणि घरांचे व लहान कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करतो. हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. तुमच्या मुलीला जिथे पोहोचायचे आहे ते ठिकाण योग्य आहे, परंतु शेगडी हे त्या वाटेवरचे पहिले पाऊल नसून जवळजवळ शेवटचे आहे.

आधी सिलिंडरमध्ये किती ऊर्जा असते ते पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो पूर्ण जाळल्यास विजेच्या मापात सुमारे १८० युनिट इतकी उष्णता मिळते. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, बाकीची स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापत असल्यामुळे ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी येते. म्हणजे एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १३० युनिट लागतील. हा आकडा प्रत्येक घरी थोडा इकडेतिकडे होईल, पण हिशेबासाठी तो पुरेसा आहे.

आता हे १३० युनिट येतात कुठून ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्राची वीज आजही मुख्यतः चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांतून येते. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि ज्या कोयनेचा आपल्याला रास्त अभिमान आहे ती १,९६० मेगावॅटची. देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला ही बातमी खरी आहे, पण क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत मोठे अंतर असते. सौर पॅनल रात्री झोपलेले असतात आणि कोळशाचे केंद्र अहोरात्र चालते, त्यामुळे निर्मितीत कोळशाचा वाटा अजून सुमारे तीन-चतुर्थांश आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधील, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातील, एका युनिटामागे सरासरी ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने १३० युनिटांमागे ९५ किलो, आणि वहनातील गळती धरली तर त्याहून जास्त. एक सिलिंडर जाळल्यावर मात्र साधारण ४२ किलोच बाहेर पडतो. खाणी, जहाजे आणि टँकर यांचा खर्च मी दोन्ही बाजूंनी सोडून दिला आहे. निव्वळ ग्रिडच्या विजेवर इंडक्शन चालवले, तर आज तुमच्या स्वयंपाकाचा कार्बन दुपटीहून अधिक होईल, फक्त तो साताऱ्याऐवजी चंद्रपुरात सुटेल.

याचे कारण शेगडीत नाही, उष्णतेच्या प्रवासात आहे. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक-तृतीयांशाची वीज होते आणि उरलेली उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून व धुराड्यांतून निघून जाते. त्या विजेची आपण स्वयंपाकघरात पुन्हा उष्णता करतो. गॅस मात्र भांड्याखालीच जळतो, त्यामुळे मधला हा मोठा तोटा त्याच्या वाट्याला येत नाही.

स्कूटरचे गणित नेमके उलटे आहे, आणि घरगुती ऊर्जेच्या चर्चेत स्कूटर बहुधा विसरलीच जाते. पेट्रोलचे इंजिन इंधनातील ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचवते. १०० किलोमीटरला तुमची स्कूटर दोन लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल घेत असेल. त्यातून पाच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दोनशेहून अधिक रुपये जातात. विजेवरची स्कूटर तेवढ्याच अंतराला साधारण तीन युनिट घेते. ते तीन युनिट पूर्णपणे ग्रिडचे धरले, तरी कार्बन अडीच किलोच्या आत राहतो आणि खर्च सर्वांत महाग दराने मोजूनही चाळीस-पंचेचाळीस रुपये होतो. त्यामुळे घरातील एकच वस्तू विजेवर न्यायची असेल, तर ती शेगडी नसून स्कूटर असावी. चालू स्कूटर मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. ती जेव्हा बदलायची वेळ येईल तेव्हा पेट्रोलची घेऊ नका, एवढेच.

आता पैशांकडे वळतो. इथे महावितरणच्या टप्प्यांची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण दुकानदार युनिटाचा सरासरी दर सांगतात आणि तुमचा निर्णय शेवटच्या युनिटाच्या दरावर ठरायला हवा. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये असा दर होता. त्यावर युनिटामागे १.१७ रुपये वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आकडे त्यानंतर थोडे बदलले, पण दुसरा टप्पा पहिल्याच्या दुपटीने महाग ही घडण कायम आहे. तुमचा वापर आधीच १०० च्या पुढे असल्यामुळे इंडक्शनचे सगळे युनिट दुसऱ्या टप्प्यात पडतील, म्हणजे प्रत्येकी तेरा रुपयांच्या पुढे. १३० युनिटांचे सतराशेच्या घरात जातात, तर एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडर ८५२.५० रुपयांना होता. ज्या घराचा एकूण वापर इंडक्शन धरूनही शंभराच्या आत राहतो, तिथे दोन्ही खर्च जवळजवळ बरोबरीत येतात. तुमच्या घरी तसे नाही.

हीच टप्प्यांची रचना काटकसरीला मात्र बक्षीस देते, कारण वाचलेले प्रत्येक युनिट महागड्या टोकाचे असते. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा तिशीच्या आसपास. तीन पंखे रोज बारा तास फिरत असतील, तर महिन्याला ४८ युनिट वाचतात, म्हणजे उन्हाळ्यात सहाशेच्या वर रुपये. तीन पंख्यांचा खर्च आठ-नऊ हजार धरा. तो दीड-दोन वर्षांत सुटतो. यासाठी कुठला अर्ज, अनुदान वा परवानगी लागत नाही, बहुधा म्हणूनच त्याची जाहिरातही फारशी दिसत नाही.

गीझरबाबतही तसेच. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात. बादलीने आंघोळ करणाऱ्या चार माणसांना यापेक्षा बरेच कमी, म्हणजे रोजचे दीड-दोन युनिट पुरतात, तरी महिन्याचे पन्नासच्या आसपास होतातच. गच्चीवरचा पाणी तापवणारा सोलर हे काम थेट उन्हाने करतो आणि तेवढ्याच जागेत पॅनलपेक्षा अधिक ऊर्जा पकडतो. मात्र बोअरचे पाणी जड असेल, तर त्यात क्षार साचून दोन-तीन वर्षांत तक्रारी सुरू होतात. तुमच्याकडे नळाचे पाणी असेल तर जरूर घ्या. बोअरचे असेल तर त्यापेक्षा पॅनल थोडे वाढवणे मला श्रेयस्कर वाटते.

आणि आता पॅनल, जिथून खरा बदल सुरू होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने'त पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. त्यासाठी भारतात बनलेल्या सेलचे पॅनल आणि नोंदणीकृत विक्रेता आवश्यक असतो. तीन किलोवॅटचे कोटेशन साधारणतः पावणेदोन ते दोन लाखांचे येते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; कोटेशनमध्ये तो तसा धरला आहे ना, हे तपासा. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज मिळते. सातारा भागात जुलै-ऑगस्टमध्ये ती निम्म्याच्या आसपास येईल, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या पद्धतीत, एप्रिल-मेचे जादा युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळते होतात. आर्थिक वर्षाअखेर जे उरतात, त्यांना मात्र फारच कमी भाव मिळतो.

या शेवटच्या नियमामुळेच पॅनल आणि शेगडी हे दोन निर्णय एकत्र घ्यावे लागतात. आजच्या तुमच्या वापराला दोन किलोवॅट पुरेसे आहेत. पहिला किलोवॅट तुमचे तेरा रुपयांचे युनिट वाचवतो, दुसरा मुख्यतः सात रुपयांचे, आणि तिसरा किलोवॅट जवळजवळ केवळ उरणारी वीज तयार करील. अनुदान आहे म्हणून सरसकट सर्वांना तीन किलोवॅट विकले जातात, ते मला पटत नाही. पण इंडक्शन यायचे असेल, तर महिन्याला साधारण ११० युनिट वाढतील, तुमची एकूण गरज ३०० च्या आसपास जाईल आणि तीन किलोवॅट नेमके बसतील. जी वीज ग्रिडला कवडीमोलाने गेली असती, ती मग सिलिंडरचा खर्च वाचवील. अनुदान वजा जाता एक लाख ते सव्वा लाखाचा खर्च वीज आणि गॅस मिळून चार-पाच वर्षांत वसूल व्हावा. स्थिर आकार मात्र भरावाच लागेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. स्वयंपाक सकाळी सातला आणि संध्याकाळी होतो, पॅनल दुपारी वीज देतात, तेव्हा रात्रीच्या आमटीखाली कोळशाचीच वीज असणार. ते खरे आहे. तरी दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेले युनिट कुठे तरी तेवढीच औष्णिक वीज टाळते, म्हणून वर्षाचा हिशेब तुमच्या बाजूने लागतो. शक्य तेवढी कामे, म्हणजे कडधान्य शिजवणे, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, स्कूटरचे चार्जिंग, दुपारी उरकली तर तो हिशेब केवळ कागदावरचा राहत नाही.

पॅनलबद्दल आणखी एक गैरसमज फार पसरला आहे. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की लख्ख उन्हातही बंद पडते, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छताचा धक्का बसू नये अशी तिची रचनाच असते. तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरचा विचार करावा लागेल आणि खर्च बराच वाढेल. अशा गावात सिलिंडर पूर्ण सोडून देणे मला तर धाडसाचे वाटते.

स्वयंपाकघरातल्या अडचणी त्यामानाने किरकोळ आहेत. इंडक्शन शेगडी दोन हजार वॅटपर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉवर पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ती जोडली की बोर्ड जळतो. भांड्याच्या तळाला चुंबक चिकटला तर ते चालते. ॲल्युमिनियमच्या कढया आणि तांब्याची भांडी चालत नाहीत. सपाट लोखंडी तवा चालतो, पण भाकरी विस्तवावर फुगवायची सोय राहत नाही, आणि सातारा जिल्ह्यात ही गोष्ट गौण मानता येणार नाही. म्हणून गॅसची जोडणी परत करू नका. कुकर, दूध, चहा आणि पाणी इंडक्शनवर गेले तरी सिलिंडर दोन-तीन पट दिवस पुरेल. देशाला लागणाऱ्या घरगुती गॅसपैकी सुमारे साठ टक्के आयात होतो आणि त्यातला मोठा भाग आखाती देशांतून येतो, हे लक्षात घेतले तर तेवढी घटही लहान नाही.

दारात तीन-चार गुरे असतील, तर यातला बराच हिशेब बदलतो. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर बायोगॅस मिळतो. रोज ५० किलो शेण असेल, तर दोन घनमीटरचे दीनबंधू संयंत्र चालते आणि एक घनमीटर बायोगॅस ०.४५ किलो सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो. तुमच्या घरच्या स्वयंपाकाला ते पुरून उरेल, ज्योतही मिळेल आणि भाकरीही फुगेल. तसे असल्यास इंडक्शनचा विचार सोडून द्या आणि छतावर दोन किलोवॅटच बसवा. नसल्यास पंखे या उन्हाळ्याआधी बदला, तीन किलोवॅटचा अर्ज करा, आणि नेट मीटर बसून पहिले बिल हाती येईपर्यंत शेगडीची खरेदी थांबवून ठेवा.