वाचकांचे प्रश्न : एकर, गुंठे आणि हेक्टरचा हिशेब

प्रश्न : आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र ०.६१.०० असे लिहिले आहे, तर गावात ते ‘दीड एकर’ म्हणून सांगतात. दोन्हींचा मेळ घालून देणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर आहे का? संगणकावर लिनक्स आहे. – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या कामासाठी ‘जीएनयू युनिट्स’ पुरेसे आहे. हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवर ‘युनिट्स’ याच नावाने सहज बसवता येते, आणि मोजमापांच्या रूपांतरासाठी त्याला इंटरनेट लागत नाही. दिसायला ते अगदीच रूक्ष आहे : टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत) आधी आपल्याकडे काय आहे ते विचारते, मग काय हवे ते. पहिल्या प्रश्नाला ०.६१ हेक्टर आणि दुसऱ्याला एकर असे (रोमन लिपीत) उत्तर दिले की १.५०७३ हा आकडा येतो. हेक्टरवरून किलोग्रॅम मागितल्यास मात्र ते साफ नकार देते, आणि मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

गुंठा त्यात आपणच भरलेला बरा. आपल्या होम फोल्डरमध्ये ‘.युनिट्स’ नावाची (हेही रोमन लिपीतच) फाइल करून तीत ‘गुंठा’ आणि पुढे ‘एकर भागिले ४०’ एवढी एक ओळ लिहावी. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे मिळून एकर होतो. त्यानंतर ‘काय हवे’ या प्रश्नाला एकर आणि गुंठा ही दोन्ही नावे अर्धविरामाने जोडून दिली, तर उत्तर एक एकर वीस गुंठे आणि वर थोडे, असे सुटे मिळते. तेव्हा गावचे ‘दीड एकर’ बरोबरच आहे.

घोटाळा होतो तो टिंबामुळे. शंभर आरांचा एक हेक्टर होत असल्याने सातबाऱ्यावरील ०.६१ हेक्टर-आर हे दशांश म्हणून जसेच्या तसे चालते. पण एक एकर वीस गुंठे कोणी १.२० एकर असे टाकले, तर सॉफ्टवेअर त्याचा अर्थ एक एकर आठ गुंठे असाच घेणार आणि बारा गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होणार. म्हणून एकर व गुंठे अधिक चिन्ह घालून वेगवेगळे लिहावेत. पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, सातबाऱ्यावर स्वतंत्र दाखवलेला असतो, त्यामुळे आपला ०.६१ हा आकडा एकूण क्षेत्राचा आहे की केवळ लागवडीयोग्य क्षेत्राचा, तेही रूपांतरापूर्वी पाहून घ्यावे.